नॉब फिरवले तरी बेस गढूळच? आधी शून्य शोधा

महिन्यातून एक-दोन बेस गिटारवादक तरी हीच तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. "दादा, घरी बेस काय भारी वाजतो! स्टेजवर गेलं की नुसतं घों घों. नॉब फिरवून फिरवून कंटाळलो. आत काहीतरी उडालंय, उघडून बघा ना." वाद्य महागडं असतं, चार-पाच नॉबचं, आत बॅटरीवर चालणारा प्रीअँप, म्हणजे आवाज घडवणारं छोटं सर्किट, असलेलं. उघडून बघितलं तर बहुतेक वेळा काहीही उडालेलं नसतं. झाकण परत लावता लावता मी नॉब जागेवर आणून देतो आणि वाद्य ‘दुरुस्त’ होतं. याचे पैसे घ्यायला लाज वाटते, म्हणून चहावर भागवतो. पण तोच माणूस दोन महिन्यांनी तीच तक्रार घेऊन दारात उभा राहिला की कळतं, आपण नॉब फिरवून दिले, समजावून दिले नाहीत. म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

गेल्या श्रावणातलं उदाहरण घेतो. गणपतीचे कार्यक्रम तोंडावर आलेले, तालमी जोरात. एक मुलगा पाच तारांचा बेस घेऊन आला. अमेरिकेतल्या मामेभावानं वापरलेला, इकडे येताना सामानातून आणून दिलेला. त्याआधी हा सात-आठ वर्षं एका साध्या चार तारांच्या पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, बेसवर वाजवत होता. नव्या वाद्यावर चार नॉब, त्यातला एक दुमजली, आणि शेजारी एक बारीक स्विच. माहितीपत्रक गायब. नॉबपाशी एक अक्षर छापलेलं नाही. महागड्या वाद्यावर काही लिहिणं कमीपणाचं समजत असावेत.

बेस मांडीवर घेतला आणि काहीही न फिरवता आधी नॉब कुठे आहेत ते पाहिलं. व्हॉल्यूम फुल. ब्लेंड, म्हणजे दोन पिकअपचं (तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकांचं) मिश्रण ठरवणारा नॉब, पूर्ण मानेकडच्या पिकअपवर. दुमजली नॉबचे दोन्ही मजले, म्हणजे बेस (खालचे सूर) आणि ट्रेबल (वरचे सूर), उजवीकडे शेवटपर्यंत. मिड (मधले सूर) डावीकडे शेवटपर्यंत.

"हे असं का ठेवलंयस?"

"आधीच्या बेसवर सगळं फुलच ठेवायचो. आणि मिड कमी केला की स्लॅप मस्त येतो."

घोळ इथेच आहे.

साध्या पॅसिव्ह बेसवर ‘सगळं फुल’ अगदी बरोबर असतं. तिथला टोन नॉब आवाजात काही घालू शकत नाही. तो फक्त काढून घेतो. जुन्या फेंडर पद्धतीच्या जॅझ बेसच्या वायरिंगमध्ये २५० किलोओहमचा पॉट (नॉबखालचा फिरता रोध) आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एवढाच मामला असतो. नॉब डावीकडे नेला की वरच्या, चमकदार कंपनांना अर्थिंगकडे जायला वाट मिळते आणि आवाज मऊ होतो. नॉब पूर्ण उजवीकडे असताना ती वाट जवळजवळ बंद असते आणि पिकअप जे देतो ते बाहेर येतं. थोडक्यात, या नॉबचं शून्य, म्हणजे ‘मी काहीच करत नाहीये’ ही जागा, उजव्या टोकाला आहे.

बॅटरी आली की हा हिशेब उलटतो. प्रीअँपला स्वतःची ताकद असते, तो आवाजात भर घालू शकतो. मग नॉब उजव्या टोकाला नेणं म्हणजे मोकळं सोडणं राहत नाही, ओतणं होतं. किती ओततो? महागड्या बेसमध्ये हमखास सापडणाऱ्या अग्विलारच्या ओबीपी-३ या प्रीअँपचं उदाहरण घ्या. त्याचा बेस नॉब ४० हर्ट्झला १८ डेसिबलपर्यंत वाढवतो. १८ डेसिबल म्हणजे व्होल्टेज आठपट. आपला हा पठ्ठ्या प्रत्येक कार्यक्रमात खालचा सूर कित्येक पटींनी फुगवून वर साउंडवाल्यालाच शिव्या घालत होता.

शून्य चार ठिकाणी असू शकतं

ॲक्टिव्ह (बॅटरीवाला) बेस म्हटला की नॉब मध्यावर म्हणजे फ्लॅट, काही न घालता न काढता, असं एक वाक्य सगळीकडे फिरतं. तेही अर्धंच खरं.

मध्यावर खटका असेल तर ते खरं. नॉब सावकाश फिरवताना बोटाला मधोमध एक बारीकसा खड्डा लागतो, तिथे तो क्षणभर बसतो. या नॉबला उजवीकडे वाढ, डावीकडे घट. ओबीपी-३ आणि त्याच्या जातीचे बरेचसे प्रीअँप असे असतात. खटका अंगठ्यानं ओळखायला शिका, कारण अंधाऱ्या स्टेजवर डोळ्यांचा उपयोग नाही.

पण सगळे प्रीअँप असे नसतात. न्यूयॉर्कच्या, बेस बनवणाऱ्या रॉजर सॅडोस्कींनी रुळवलेली पद्धत फक्त वाढवणारी आहे. त्यांच्या प्रीअँपमध्ये बेस ४० हर्ट्झला आणि ट्रेबल ४ किलोहर्ट्झला वाढतो. कमी करायची सोयच नाही. या नॉबचं शून्य डाव्या टोकाला असतं. ‘मध्यावर म्हणजे फ्लॅट’ हे वाक्य ऐकून कोणी हे दोन्ही नॉब मध्यावर ठेवले, तर त्यानं न कळत दोन्हीकडे चांगलीच भर घातलेली असते. गंमत म्हणजे त्याच बेसवर जुन्या धर्तीचा पॅसिव्ह टोनही असतो, आणि त्याचं शून्य उजव्या टोकाला. एकाच वाद्यावर एक नॉब डावीकडे ‘गप्प’, दुसरा उजवीकडे ‘गप्प’. गोंधळ नाही होणार तर काय!

तिसरा प्रकार खटका नसलेल्यांचा. १९७६ साली आलेला म्युझिक मॅनचा स्टिंगरे बेस आणि त्याचा दोन नॉबचा इक्वलायझर हे याचं नावाजलेलं उदाहरण. तिथे मध्यावर ठेवलं की फ्लॅट हा हिशेब लागू होत नाही. स्टिंगरेवाले बहुतेक कानानंच जागा ठरवतात आणि ती लक्षात ठेवतात.

चौथा प्रकार क्वचित हाताशी येतो, पण आला की हमखास फसवतो. कॅलिफोर्नियाच्या अलेम्बिकनं आणि इंग्लंडच्या वॉलनं बेस-ट्रेबलचे नॉबच ठेवले नाहीत, फिल्टर ठेवला. त्याचा नॉब एक सीमा सरकवतो. त्या सीमेच्या वरचं सगळं हळूहळू कापलं जातं. नॉब पूर्ण उघडा ठेवला की आवाज नैसर्गिकाच्या सर्वांत जवळ. सोबत एक स्विच किंवा ओढायचा नॉब असतो, तो नेमका त्या सीमेवरचा सूर उचलून धरतो. मग नॉब फिरवताना आवाज ‘वा-आ-व’ करत तोंड उघडतो आणि मिटतो. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं वाद्य बिघडलं. बिघडलेलं नसतं, ते तसंच बोलतं.

या सगळ्या भानगडीवर बेसवादक अँथनी जॅक्सनचा तोडगा मला भारी आवडतो. सहा तारांच्या काँट्राबेस गिटारची कल्पना ज्याची, त्या माणसाच्या ब्रुकलिनच्या फोडेरानं बनवलेल्या वाद्यावर ना व्हॉल्यूमचा नॉब ना टोनचा. पिकअपची तार थेट जॅकला. सूर काय हवा तो बोटांनी काढायचा. आपण एवढे मोठे नाही, तेव्हा नॉबकडे परत येऊ.

आपल्या वाद्याचं शून्य कसं शोधायचं

बेसवर पॅसिव्हचा स्विच किंवा ओढायचा नॉब असेल तर काम सोपं. त्या मुलाच्या बेसवर व्हॉल्यूमचा नॉब वर ओढला की प्रीअँप बाजूला होत होता. आम्ही असं केलं. माझ्या छोट्या अँपवरचे सगळे नॉब फ्लॅट केले. ब्लेंड मध्यावर घेतला. पॅसिव्ह टोन या वाद्यावर नव्हताच. असता तर उजव्या टोकाला नेला असता. मग पॅसिव्हमध्ये मोकळी ई तार छेडली आणि लगेच नॉब खाली दाबून ॲक्टिव्हमध्ये तीच तार तितक्याच जोरानं. आवाज एकदम फुगला. बेसचा मजला थोडा डावीकडे, परत तुलना. असं करत करत दोन्हीकडचा खालचा सूर सारखा झाला तेव्हा बोटाला खटका लागला. म्हणजे हा वाढ-घटवाला नॉब होता आणि खटक्याची जागा खरी होती.

ट्रेबलसाठी सूर छेडू नका. डाव्या हातानं सगळ्या तारा हलक्या दाबून मुक्या करा आणि उजव्या हातानं ठक-ठक वाजवा. त्या ‘ठक’मध्ये ट्रेबलचा फरक जितका स्वच्छ कळतो तितका सुरात कळत नाही. मिडसाठी मी ए तारेच्या सातव्या-आठव्या पट्टीपाशी (फ्रेटपाशी) वाजवतो.

एक सावधगिरी. ॲक्टिव्हमध्ये गेल्यावर एकूण आवाज मोठा होत असेल तर कान फसतो. मोठा आवाज सगळ्यांनाच चांगला वाटतो. बऱ्याच प्रीअँपवर आत एक बारीक पेच असतो, छोट्या पेचकसानं फिरवायचा. त्यानं ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह एका पातळीला आणता येतात. तो नसेल तर तुलना करताना अँपचा आवाज कमी-जास्त करा.

पॅसिव्हची सोय नसेल तर नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत एकच सूर वाजवत राहा. ज्या बाजूला आवाज किरकोळही बदलत नाही किंवा ज्या टोकाला तो सर्वांत कमी रंगवलेला वाटतो ते टोक शोधा. कानाला वेळ द्या, घाई नको.

जागा सापडली की खूण करा. मी बायकोच्या नेलपेंटचा बारीक ठिपका नॉबच्या कडेला आणि दुसरा वाद्यावर चिकटवलेल्या कागदी टेपवर देतो. पॉलिशवर थेट रंग लावू नका, लाख रुपयांच्या वाद्यावर डाग पडला की मी जबाबदार नाही.

खूण करण्याआधी नॉब दांड्यावर घट्ट आहे ना ते पाहा. नॉबच्या कडेला मुंगीएवढा पेच असतो. तो सैल झाला की नॉब दांड्याभोवती घसरतो आणि त्यावरची रेघ वाटेल ते सांगते. एकदा एका बेसचा मिड दर कार्यक्रमात ‘आपोआप’ बदलायचा. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, कोणीतरी प्रीअँप बदलायलाही सांगितलं होतं. पेच आवळला, झालं.

घरी छान, स्टेजवर चिखल

नॉब शून्यावर आणले तेव्हा त्या मुलाचा चेहरा पडला. "दादा, हे तर मेलेलं वाटतंय." खरं होतं. माझ्या गॅलरीत, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून बारीक ठेवलेल्या अँपवर, फ्लॅट बेस मेलेलाच वाटतो. कारण वाद्यात नाही, कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं: आवाज लहान असताना माणसाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात, आवाज वाढत गेला की ते भराभर वर येतात. म्हणून घरी आपण बेस नॉब वाढवतो, भरलेला वाटतो, खूश होतो. तेच सेटिंग घेऊन स्टेजवर जातो. तिथे आवाज दसपट, कान आता खालचा सूर पूर्ण ऐकतोय, आणि आपण वर नॉबनंही भर घातलेली.

अँपचंही ऐका. बेस १२ डेसिबल वाढवला की त्या सुरापुरती अँपला सोळापट ताकद लावावी लागते. मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झची, पाच तारांच्या बेसची बी तार ३०.९ हर्ट्झची. नेहमीच्या भाड्याच्या बेस अँपचा स्पीकर एवढ्या खाली नीट पोचतच नाही. आपल्याला ई तारेचा जो ‘सूर’ ऐकू येतो त्यात मोठा वाटा ८२ हर्ट्झच्या आणि त्यावरच्या स्वरांचा असतो. म्हणजे नॉबनं जिथे ओततोय तिथे स्पीकर काही देत नाही, नुसता धापा टाकतो, आणि त्या धडपडीत वरचे उपयोगाचे सूरही फाटतात.

आणि आपल्याकडचा स्टेज! प्लायवूडचा पोकळ मंच, त्याखाली ठेवलेले सबवूफर, शेजारी ढोलकीची धूम, बेस ड्रम, आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात. (कीबोर्डवाल्यांनो, बेसवादक हजर असताना तो डावा हात जरा आवरा. मित्रत्वानं सांगतोय.) सगळे एकाच खोलीत घुसायला बघतात. तिथे बेसला ओळख मिळते ती २०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे मिडमध्ये. आणि हा मुलगा मिड तळाशी ठेवून वाजवत होता. बेस वर, ट्रेबल वर, मिड खाली: एकटं वाजवताना हा आवाज फार देखणा. बँड सुरू झाला की तळातला भाग चिखलात जातो, वरची टिकटिक झांजांत मिसळते, आणि मधे काहीच उरत नाही. म्हणून त्याला वाटायचं आवाज ‘गायब’ झाला.

मी त्याला साउंडचेकची एक पद्धत लावून दिली. बेसवरचे सगळे नॉब शून्यावर. अँपचा इक्वलायझर फ्लॅट. बँडसोबत एक पूर्ण गाणं. आवाज हरवला वाटला तर आधी मिड खटक्याच्या पुढे किंचित, घड्याळात एक तास सरकावा एवढाच. त्या बारीक स्विचनं मिडची जागा बदलते. ओबीपी-३ मध्ये ती ४०० किंवा ८०० हर्ट्झ. ४०० ला आवाज गोल आणि छातीचा, ८०० ला बोटांचा दात दिसतो. लावणीच्या ठेक्यात मला ८०० लागतो, संथ भावगीतात ४००. तरीही घुमत असेल तर बेस खटक्याच्या खाली न्या. बेसवादकाला बेस कमी करायला सांगितलं की त्याला अपमान वाटतो, पण करून बघा.

अँपवर दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे इनपुट. बऱ्याच अँपवर ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह अशी निवड असते. ॲक्टिव्ह बेस पॅसिव्ह इनपुटला लावला तर पहिल्याच जोरदार सुराला आवाज चिरकतो, आणि लोक प्रीअँप गेला म्हणतात. दुसरं म्हणजे डीआयचं, म्हणजे अँपमधून थेट साउंडवाल्याकडे जाणाऱ्या जोडणीचं, बटण. ते ‘प्री’वर असेल तर साउंडवाल्याकडे अँपच्या नॉबचा काही परिणाम जात नाही, पण बेसवरच्या नॉबचा मात्र जातो. म्हणजे तुम्ही स्टेजवर अँपचा बेस कमी करून आवाज सुधारलात, तरी समोर प्रेक्षकांत तो गढूळच. साउंडचेकच्या वेळी लांब केबल घेऊन एकदा खाली उतरा आणि स्वतः ऐका.

नॉब फिरवूनही काहीच होत नाही

इथे थोडक्यात सांगतो, कारण कारणं साधी असतात.

व्हॉल्यूमचा ओढायचा नॉब चुकून वर आलेला असतो, म्हणजे वाद्य पॅसिव्हमध्ये. मग बेस-मिड-ट्रेबल तिन्ही मुके. पट्टा गळ्यात घालताना शर्टाची बाही अडकते आणि नॉब ओढला जातो. पॅसिव्हमध्ये असताना लांब केबलनं ट्रेबल जातो हेही लक्षात असू द्या; केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धरले तरी दहा मीटरला तो लहानसा टोन कपॅसिटरच होतो. ॲक्टिव्हमध्ये हा त्रास नाही.

दुसरं, केबल. ॲक्टिव्ह बेसचा जॅक स्टिरिओ असतो आणि त्याचा मधला काटा बॅटरीचा स्विच म्हणून वापरतात. साधी मोनो केबल खुपसली की तो काटा अर्थला टेकतो आणि प्रीअँप चालू होतो. साउंडवाल्याकडून उसनी घेतलेली केबल बॅलन्स्ड, म्हणजे टोकावर दोन काळ्या रेघांची निघाली, तर प्रीअँपला वीजच मिळत नाही. वाद्य मुकं. रंगमंदिराच्या विंगेत मी एकदा या एका कारणापायी अर्धा तास घाम गाळलाय.

तिसरं, टोन नॉब ‘शेवटच्या टिचभर भागातच काम करतो’ ही पॅसिव्ह टोनची तक्रार. कोणीतरी तिथे लिनिअर, म्हणजे सरळ प्रमाणात बदलणारा, पॉट बसवलेला असतो. टोनला ऑडिओ टेपरचा, म्हणजे कानाच्या चालीनं बदलणारा, लागतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला पॉट घेताना ए की बी हे पाठीवर वाचून घ्या: ए म्हणजे बहुधा ऑडिओ, बी म्हणजे लिनिअर. मात्र प्रीअँपला जोडलेले पॉट अंदाजानं बदलू नका. २५ किलोओहमच्या जागी दुकानदारानं ‘हाच मिळेल’ म्हणून २५० चा दिला, तर त्या नॉबची चाल पार बिघडते.

चौथं थोडं वेगळं. दोन्ही पिकअप एकेकटे छान, पण ब्लेंड मध्यावर आणला की आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा. पिकअप बदलल्यानंतर हे सुरू झालं असेल तर एका पिकअपच्या दोन तारा उलट लागल्यात. त्या अदलाबदल केल्या की खालचा सूर परत येतो. यासाठी सोल्डरिंगचा हात हवा; नसेल तर जाणत्याकडे न्या.

खरखर आणि भुणभुण

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर नॉब खरखरायला लागतात. पॉटच्या आतल्या पट्टीवर दमटपणा आणि धूळ बसते. झाकण उघडून पॉटच्या फटीत काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि नॉब वीस-तीस वेळा इकडून तिकडे. गंज सोडवायचं तेल मारू नका. आठवडाभर बरं वाटतं, मग त्यावर धूळ चिकटून दुप्पट खरखर. साफ करूनही नॉब फिरवताना ‘खर्रर्र’ येत असेल आणि नॉब स्थिर ठेवला की शांत, तर शंका कपॅसिटरवर घ्या. तो गळायला लागला की बॅटरीचा डीसी पॉटवर पोचतो आणि पॉट कितीही धुतला तरी बोलत राहतो.

भुणभुणीचं एक ऐका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ई तारेवर तिसऱ्या पट्टीवरचा जी ४९ हर्ट्झचा आणि चौथ्या पट्टीवरचा जी शार्प ५१.९ चा. म्हणजे विजेची भुणभुण बरोबर या दोघांच्या मधे बसते, आणि जी धरून ठेवला की कंपनं एकमेकांत अडकून सूर डुलायला लागतो. लोकांना वाटतं तार खराब झाली. सिंगल कॉइलचे (एकेका गुंडाळीचे) दोन पिकअप असतील तर ब्लेंड मध्यावर ठेवल्यावर बहुतेक वाद्यांत भुणभुण विरते, कारण दोघांचे वेढे आणि चुंबक उलट असतात. एका बाजूला गेलात की ती परत येते. हा दोष समजू नका. पण तारांना हात लावल्यावर भुणभुण वाढत असेल, किंवा माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर वाजवणं थांबवा, प्लग काढा आणि मांडववाल्याला अर्थिंग तपासायला लावा. तिथे ‘चालतंय हो’ म्हणून भागत नाही.

राहिली बॅटरी

ॲक्टिव्ह बेसची निम्मी गूढ दुखणी नऊ व्होल्टच्या बॅटरीशी येऊन थांबतात. ती संपत आली की आवाज एकदम बंद पडत नाही. आधी जोरदार सूर फाटतात, तेही सर्वांत जाड तारेचे, कारण तिथेच प्रीअँपला सर्वांत मोठी उडी मारायची असते. बेस नॉब वाढवलेला असेल तर आणखी लवकर. मल्टिमीटर लावा: नवी बॅटरी साडेनऊच्या आसपास दाखवते, आठच्या खाली गेली की मी बदलतो. दोन बॅटऱ्यांवर, म्हणजे १८ व्होल्टवर चालणाऱ्या वाद्यात दोन्ही एकदम बदला; एक जुनी एक नवी असा संसार टिकत नाही.

आणि केबल. ती जॅकमध्ये आहे तोवर प्रीअँप चालू, मग तुम्ही वाजवा किंवा झोपा.

त्या मुलाला मी नवी अल्कलाईन बॅटरी घालून, ठिपके देऊन पाठवलं होतं. गौरीच्या जेवणाच्या दिवशी त्याचा फोन. "दादा, मिडची जादू भारी आहे, सगळे विचारतायत. पण कालपासून आवाज फाटतोय."

"केबल कुठंय आत्ता?"

पलीकडे जरा शांतता. "तालमीच्या खोलीत... लावलेलीच आहे."

"कधीपासून?"

"तुमच्याकडून आणला तेव्हापासून."

प्रीअँप एक मिलिअँपच्या आसपास ओढतो आणि बॅटरी साधारण ५०० मिलिअँप-तासांची, म्हणजे ५०० तास, म्हणजे तीन आठवडे. पोरानं गणित घड्याळासारखं सिद्ध केलं होतं. आता त्याच्या बेसच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदी टेपची पट्टी आहे, तीवर बॅटरी बदलल्याच्या तारखा. पहिल्या दोन तारखांमध्ये २२ दिवसांचं अंतर आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेत नऊ महिन्यांचं.